फोर बाय फोर पिकअपचा ट्रान्स्फर केस गळतोय: कारण शोधण्यापासून सील बसवण्यापर्यंत

ट्रान्स्फर केस गळतोय म्हटलं की बहुतेक गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं: "सील गेलंय, बदलून टाकू." सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं, बदललं जातं, महिना-दोन महिने सगळं कोरडं राहतं आणि मग पुन्हा तोच डाग. दोष बऱ्याचदा नव्या सीलचा नसतो. जुनं सील ज्यामुळे गेलं ते कारण तसंच आत राहिलेलं असतं. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीच्या तपासणीला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, व्ही-क्रॉस, हायलक्स अशा फोर बाय फोर पिकअपमध्ये इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या मागे असतो. तिथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागच्या क्राउनकडे (डिफरन्शियलकडे) आणि दुसरा पुढच्या क्राउनकडे जातो. आत साखळी किंवा गिअर, दोन-चार बेअरिंग आणि थोडंसं ऑइल. हे 'थोडंसं' फार महत्त्वाचं आहे. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत ते एक ते दोन लिटरच असतं. इंजिनमधून अर्धा लिटर ऑइल गेलं तर वेळ मिळतो, इथे अर्धा लिटर म्हणजे पाव ते निम्मा साठा. आणि इंजिनसारखा लाल दिवा इथे सहसा लागत नाही. आवाज येईपर्यंत साखळी आणि बेअरिंग कामातून गेलेले असतात.

आधी ऑइल ओळखा

गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि पुढच्या चाकाच्या रेषेत त्यावर एक खूण करा, म्हणजे थेंब कुठे पडला ते सकाळी नेमकं कळेल. काळं आणि पातळ असेल तर ते इंजिन ऑइल, वाऱ्याने मागे आलेलं. तपकिरी, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. लालसर आणि पातळ असेल तर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. साखळीवाल्या बऱ्याच ट्रान्स्फर केसमध्ये एटीएफ असतं, गिअरवाल्यांमध्ये गिअर ऑइल. नेमकं कोणतं ते गाडीच्या पुस्तिकेतच बघा. दुधी, कॉफीसारखं ऑइल दिसलं तर आत पाणी शिरलंय, त्याबद्दल पुढे येईलच.

चालत्या गाडीखालचा वारा ऑइलला मागे आणि बाजूला पसरवतो, त्यामुळे जिथून थेंब टपकतो तिथेच गळती असते असं नाही. पूर्ण केस रॉकेलने किंवा डिग्रीझरने घासून धुवा, पाण्याने साफ करा, कोरडा होऊ द्या. मग सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पावडरवर पहिली ओली रेघ जिथे उमटते, म्हणजे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची, ती तुमची जागा. घाण झालेल्या केसकडे बघून कुणीही छातीठोकपणे गळती सांगू शकत नाही, मिस्त्री कितीही जुना असो.

ऑइल येऊ शकतं अशा जागा ठरलेल्या आहेत: मागच्या फ्लँजचं (प्रॉपेलर शाफ्ट जिला बोल्टने जोडतात त्या गोल चकतीचं) सील, पुढच्या फ्लँजचं सील, केसच्या दोन अर्ध्या भागांचा जोड, फिलर आणि ड्रेन बोल्ट, स्पीड सेन्सरची ओ-रिंग, फोर व्हीलच्या स्विचचे आटे, शिफ्ट लिव्हरच्या शाफ्टचं छोटं सील. शेवटची तीन-चार कामं तासाभराची आणि अगदी थोड्या पैशांची आहेत. मोठं काम काढण्याआधी ती तपासली नाहीत तर विनाकारण शाफ्ट उतरवाल.

दोन गोष्टी ज्या सहसा कुणी बघत नाही

पहिली म्हणजे ब्रीदर. ट्रान्स्फर केस चालताना तापतो, आतली हवा फुगते आणि ती बाहेर जायला वर एक बारीक नळी किंवा टोपी दिलेली असते. ती बुजली की दाब सीलच्या ओठावर, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेवर येतो आणि धडधाकट सीलसुद्धा पाझरू लागतं. आपल्याकडे ती बुजायला लाल मातीचा चिखल पुरतो, नाहीतर कुंभारमाशी. ही माशी कोणत्याही पोकळ नळीत मातीचं घर करते. नळी काढून तोंडाने फुंकून बघा, हवा सरळ पार गेली पाहिजे. जात नसेल तर आधी नळी साफ करा किंवा बदला, गाडी आठवडाभर चालवा आणि मगच सीलचा निर्णय घ्या. नुसतं एवढ्यावर थांबलेल्या गळत्या मी पाहिल्या आहेत.

ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तापलेला केस एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची नळी लांब करून बॉनेटखाली उंच बांधणं हा या गाड्यांवर करता येणारा सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचा बदल आहे.

दुसरी गोष्ट, गिअरबॉक्सची पातळी. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामध्ये एक सील असतं. ते गेलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, ऑइल एका डब्यातून दुसऱ्यात जातं. गिअरबॉक्स रिकामा होतो, ट्रान्स्फर केस गळ्यापर्यंत भरतो आणि ब्रीदरमधून ऑइल फेकू लागतो. ट्रान्स्फर केसचा फिलर बोल्ट उघडल्यावर ऑइल भळाभळा बाहेर आलं तर आनंद मानू नका. लगेच गिअरबॉक्सची पातळी बघा. ती खाली असेल तर हे काम वेगळं आहे, पूर्ण केस उतरवूनच करावं लागतं.

गाडीखाली जाण्याआधी

जमीन सपाट आणि टणक हवी. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडी उचलणार असाल तर लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, विटांचा टेकू तर कधीच नको.

एक धोका फोर बाय फोरमध्येच आहे. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला की गिअरमध्ये टाकलेली गाडी किंवा ऑटोमॅटिकचं 'पी' मागच्या चाकांना धरून ठेवू शकत नाही. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असला तरी हेच होतं. तेव्हा फक्त हँडब्रेक उरतो. आणि विलीस जीपच्या घडणीवरच्या जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्याच मागच्या तोंडाला असतो, म्हणजे शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला. म्हणून ठोकळे नीट लावल्याशिवाय शाफ्टच्या बोल्टला हात लावायचा नाही.

लागणारं सामान: गोटी सेट, रिंग पाने, लांब टॉमी, टॉर्क रेंच, फ्लँज पुलर, सील काढायचं हत्यार किंवा चपटा पेचकस, व्हर्नियर, रबरी हातोडी, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, आरटीव्ही सिलिकॉन, ऑइल भरायचा हातपंप, पसरट ट्रे आणि भरपूर कोरडी फडकी. फ्लँजचा नट बहुतेक गाड्यांत नवाच घालायचा असतो, तो सीलबरोबरच घेऊन ठेवा.

ऑइल उतरवणं

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करा. मग आधी फिलर बोल्ट उघडा, नंतर ड्रेन. हा क्रम पाळा. ड्रेन आधी उघडून सगळं ऑइल काढलं आणि फिलर गंजून अडकलेला निघाला, तर भरणार कुठून? केस ॲल्युमिनियमचा असल्यामुळे अडकलेल्या बोल्टवर जोर लावताना आटे जाण्याची भीती असते. भेदक तेल मारून रात्रभर सोडा, मग हळूहळू पुढे-मागे करत काढा.

ड्रेन बोल्टवर लोहचुंबक असेल तर त्याच्याकडे वेळ देऊन बघा. राखाडी, मलमासारखा थर ही साधी झीज आहे. बोटाला टोचणारे चकतीसारखे तुकडे किंवा गिअरच्या दाताचे टवके असतील तर सीलचं काम तिथेच थांबवा. आत काहीतरी तुटलंय आणि केस उघडावाच लागेल.

शाफ्ट आणि फ्लँज

शाफ्टच्या फ्लँजवर आणि ट्रान्स्फर केसच्या फ्लँजवर पांढऱ्या पेंटने आरपार खूण करा. शाफ्ट त्याच जागी परत बसला नाही तर वेग घेतल्यावर गाडी थरथरू शकते. बोल्ट काढा आणि शाफ्ट तारेने चॅसिसला बांधून ठेवा, क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्यावर, लोंबकळू देऊ नका. क्रॉसच्या वाट्या सुट्या राहत असतील तर त्यांना टेप गुंडाळा, नाहीतर एक वाटी निसटून आतल्या सुया जमिनीवर पसरतात.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि ती सील काढण्याआधीच करायची. फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. हाताला ठळक खेळ जाणवला, खट् असा आवाज आला, तर बेअरिंग गेलंय. शाफ्ट डुलत असेल तर सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला सुटतो; नवं सील त्यात काही आठवड्यांत मरतं. अशा वेळी बेअरिंग बदलल्याशिवाय सील घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. काही गाड्यांत मागे फ्लँजऐवजी आत सरकणारा स्लिप योक असतो. तिथे योक घालूनच हा खेळ बघायचा, कारण आतलं बुश झिजलेलं असतं.

फ्लँजचा नट घट्ट असतो, कित्येक गाड्यांत शंभर न्यूटन-मीटरच्या वर. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवली असेल तर ती आधी बारीक छिन्नीने उचला, नाहीतर शाफ्टचे आटे जातील. फ्लँज फिरू नये म्हणून तिच्या दोन भोकांत बोल्ट घालून त्यांच्यामध्ये लोखंडी पट्टी अडकवा. नट निघाल्यावर फ्लँज हाताने येत नसेल तर पुलर लावा. मागून हातोडीने ठोकणारे बरेच भेटतात. तो धक्का थेट आतल्या बेअरिंगवर बसतो.

फ्लँज हातात आली की सील ज्या गोल भागावर घासतं तो पुसून उजेडात धरा आणि त्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलीय. दिसायला ती केसाएवढी चमकदार रेघ असते, पण रबरी ओठ तिच्यात बसत नाही आणि ऑइलला वाट मिळते. गॅरेजमधून "नवीन सील टाकलं तरी गळतंय" म्हणत परतणाऱ्या गाड्यांमागे फार वेळा हीच चर असते.

उपाय तीन आहेत. नवी फ्लँज घेणं, हा सगळ्यात निर्धोक. दुसरा, फ्लँजवर ठोकून बसवायची पातळ स्टीलची स्लीव्ह. तिची जाडी पाव मिलीमीटरच्या आसपास असते, म्हणून मूळ मापाचंच सील चालतं. तिसरा, नवं सील एक-दोन मिलीमीटर कमी किंवा जास्त खोल बसवून ओठ चरीच्या बाजूला कोऱ्या जागी आणणं. हे चालतं, पण आत ऑइल परत जाण्याचं भोक सीलने झाकलं जात नाही ना, ते बघूनच. नुसता गंज किंवा डाग असेल तर पॉलिश पेपर फ्लँजभोवती गोल गुंडाळून घासा. अक्षाच्या दिशेने लांबवर घासलं तर बारीक ओरखडे ऑइलला बाहेरची वाट दाखवतात. आणि लेथवर कापून चर घालवणारा टर्नर भेटला तर त्याला नाही म्हणा. व्यास कमी झाला की सीलची पकडच जाते.

जुनं सील काढणं, नवं बसवणं

काढण्याआधी सील कडेपासून किती आत आहे ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग एका बाजूने उचकटा. पेचकसाचं टोक फक्त सीलच्या पत्र्यावर लागू द्या. केसच्या भोकाला ओरखडा पडला तर पुढची गळती बाहेरच्या कडेने होईल.

सीलवर माप कोरलेलं असतं. ४५-६२-१० असं असेल तर आतला व्यास ४५, बाहेरचा ६२ आणि जाडी १० मिलीमीटर. माप जुळलं म्हणजे सील जुळलं असं नाही. काही सीलच्या ओठावर तिरक्या रेघा असतात, त्या शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे ऑइल आत ढकलतात. पुढची आणि मागची सीलं म्हणून अदलाबदल होऊ शकत नाहीत. पार्ट नंबरनेच घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं सील दिलं तर परत करा, ओठ बोटाखाली मऊ लागला पाहिजे.

बसवताना स्प्रिंगवाली बाजू आत, ऑइलकडे. धुळीचा छोटा ओठ बाहेर. दोन ओठांच्या मधल्या पोकळीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे पहिल्या काही फेऱ्या ते कोरडं घासणार नाही. स्प्रिंगच्या खाचेतही थोडं ग्रीस लावा, म्हणजे ती ठोकताना निसटणार नाही. सीलची बाहेरची बाजू उघडी पत्र्याची असेल तर तिला सिलिकॉनचा अगदी पातळ हात द्या; रबराची असेल तर गरज नाही. सीलच्या बाहेरच्या व्यासाला टेकेल असा पाइपाचा तुकडा घेऊन थोडं थोडं, सर्व बाजूंनी सारखं ठोका. तिरकं गेलं तर सरळ करण्याच्या नादी लागू नका, काढून नवं घ्या. लिहून ठेवलेली खोली आली की थांबा.

फ्लँज परत घालताना एक काम बहुतेक जण विसरतात. ऑइल सीलच्या ओठाखालूनच येतं असं नाही, ते शाफ्टच्या स्प्लाइनमधून (फ्लँज जिच्यावर बसते त्या लांब खाचांमधून) फ्लँजच्या आत शिरून नटाखालूनही येतं. तिथून पाझरणारं ऑइल बाहेरून हुबेहूब सील गळल्यासारखं दिसतं. म्हणून फ्लँजच्या आतल्या स्प्लाइनला बाहेरच्या टोकाकडे आणि वायसरच्या खाली सिलिकॉनचा पातळ थर द्या. काही गाड्यांत यासाठी नटाखाली रबरी वायसर असतो, तोही नवाच घाला. ओठावर ऑइलचं बोट फिरवा, फ्लँज सरळ आत सरकवा, नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि खाच असेल तिथे कड ठोकून बसवा.

पुढच्या सीलचं कामही असंच. फरक एवढाच की टू व्हीलमध्ये चालणाऱ्या बऱ्याच पिकअपमध्ये पुढचा शाफ्ट महिनोन्‌महिने फिरतच नाही, ओठ कोरडा पडून एका जागी चिकटतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर व्हील लावून चालवलं की ते सील टिकतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पार्ट टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर व्हील लावू नका, वळणावर सगळा ताण साखळी आणि शाफ्टवर येतो.

जोडातून गळत असेल तर

केसच्या दोन भागांमधून ऑइल येत असेल तर बाहेरून सिलिकॉन फासून काही होत नाही. केस उतरवून उघडावा लागतो. उघडताना जोडाच्या पृष्ठावर पेचकस घालू नका, कडेला उचकटण्यासाठी दिलेल्या जागा असतात. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, ब्रेक क्लीनरने पुसा, बोटाचा तेलकट ठसासुद्धा राहू देऊ नका. सुमारे ३ मिलीमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जास्त लावलं तर आत सुटलेला गोळा पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ, बहुतेकदा २४ तास, पूर्ण झाल्यावरच ऑइल भरा. गाडीची घाई कितीही असली तरी हा वेळ गाडीला द्यायलाच हवा.

अमेरिकेत पिकअप चालवणाऱ्यांसाठी

तिकडे राहणारे मराठी लोक जुनी शेव्हरोले सिल्व्हेराडो किंवा जीएमसी सिएरा घेतात, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. साधारण १९९९ ते २००७ च्या या गाड्यांतल्या एनपी २४६, २६१ आणि २६३ या ट्रान्स्फर केसचं कवच मॅग्नेशियमचं आहे. आतला ऑइल पंप थरथरत मागच्या कवचाला घासतो आणि कालांतराने वरच्या बाजूला टाचणीएवढं भोक पाडतो. भोक ऑइलच्या पातळीच्या वर असल्यामुळे उभ्या गाडीखाली थेंब पडत नाही. चालताना मात्र ऑइल बाहेर उडतं. अंगण कोरडं आणि केस रिकामा, अशी ही फसवी गळती. भोक बाहेरून इपॉक्सीने बुजवणं हा तात्पुरता उपाय आहे, कारण पंप घासतच राहतो. केस उघडून सुधारित पंप घालणं आणि मागचं कवच बदलणं, हे खरं काम. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. तिथे ग्राइंडर चालवू नका. एनपी २४६ मध्ये साधं एटीएफ चालत नाही, आतल्या क्लचसाठी ऑटोट्रॅक २ हेच ऑइल लागतं.

भरणं आणि तपासणं

ड्रेन बोल्ट नव्या वायसरसह लावा. हातपंपाने फिलरच्या भोकातून ऑइल भरत जा. ते भोकाच्या कडेला येऊन हलकेच बाहेर ओघळू लागलं की पातळी बरोबर. गाडी तेव्हा सपाट असलीच पाहिजे, मागून उचललेली असेल तर पातळी खोटी दाखवेल. शाफ्ट खुणेप्रमाणे जोडा, बोल्ट टॉर्कवर आवळा, क्रॉसला ग्रीस द्या.

पूर्ण केस पुन्हा पुसून वीसेक किलोमीटर गाडी चालवा, त्यात कच्च्या रस्त्यावर फोर व्हील हाय आणि लो दोन्ही लावून बघा. परत आल्यावर कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडावरून फिरवा. सीलजवळ पहिल्या दिवशी ग्रीसचा हलका ओलावा दिसतो, तो पुसून टाका. दुसऱ्या दिवशी तिथेच परत ओलं लागलं तर मात्र फ्लँजची चर आणि बेअरिंगचा खेळ पुन्हा तपासा. पाचशे किलोमीटरनंतर फिलर उघडून पातळी एकदा बघा.

काढलेलं ऑइल गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे देणाऱ्या गॅरेजला द्या, आणि कॅनवर मोठ्या अक्षरात 'जुनं ऑइल' लिहा, म्हणजे घरात कुणी ते चुकून दुसऱ्या कामाला वापरणार नाही.